झडपेखालचा कोरडा कागद

गुरुवार, संध्याकाळ

फिटर सुखदेवला मी काल कामावरून काढायला लावले ते न्याय्य होते, एवढेच मला येथे सिद्ध करायचे आहे.

उरला येथील कारखान्यात त्याने बसवलेल्या झडपेची दाबचाचणी होती; तपासणी अधिकारी मी होतो. भर दुपारी पाइपात पाणी भरून दाब दिला. दिवस कलताना दाबमापकाचा काटा उतरला. गळतीशिवाय दाब उतरत नाही, दाब उतरला, म्हणून झडप गळते.

त्याने झडपेखाली बांधलेला कागद सोडून दाखवला. कोरडा होता. “साहेब, गळत नाही जी. पाइप थंडा होऊन राहिला, म्हनून काटा उतरला.”

“विज्ञान कितवीपर्यंत शिकलास?”

“आठवी नापास, साहेब.”

सगळे हसले. मी हसू दिले. कागदाकडे मी पाहिलेच नाही... नाही, पाहिले होते.

आज झडप उतरवून तपासली. निर्दोष. मॅनेजरने विचारले, “सर, सुखदेव को वापस बुला लें?”

“अहवालावर माझी सही झाली आहे,” मी म्हणालो. विषय संपला. काहून म्हणालो असे? कागद तर कोरडा होता.

चूक एकच, ती कबूल: पाणी गार झाले की दाब उतरतो हे मला ठाऊक होते. आठवी नापास माणसाने ते माझ्याआधी सांगितले, म्हणून मी ते युक्तिवादातून वगळले.

— व. दे.