सासऱ्यांच्या जीपमधली रिकामी जागा

सोमवार, ७ सप्टेंबर
साडूंची कंबर धरली. वाईट वाटलं. (फार नाही.) सासरे दर वर्षी आठवडाभर वरच्या धरणावर मासे धरायला जातात आणि दोन जावयांपैकी एकालाच नेतात. नेहमी साडूंना! वास्तविक लग्नाच्या बैठकीतच मी सांगितलं होतं की गळ टाकणं हा आपला लहानपणापासूनचा छंद. तेव्हा ते "असं?" म्हणाले होते. आज त्यांचा फोन. म्हणे, रविवारी तुमच्या घरामागच्या नदीवर बसू, हात कसा आहे बघू, मग ठरवू. जागा आपलीच. बायको म्हणाली, आधी हात तर दाखवा. खवचट.

मंगळवार, ८
रॉड आणि रीळ आणलं. दुकानदाराने विचारलं, पहिल्यांदाच का? मी नुसता हसलो. जाणकार माणसं असंच हसतात. त्यामुळे त्याने काही शिकवलं नाही. खोक्यावरच्या फोटोत रीळ रॉडच्या खाली लटकतंय. फोटो उघडच उलटा छापलाय. यंत्र डोळ्यांसमोर हवं. वर बसवलं. उद्यापासून रोज पहाटे सराव.

गुरुवार, १०
पहाट जमली नाही. संध्याकाळी हॉलमध्ये सराव. पहिल्याच फेकीत गळ पडद्यात. म्हणजे ताकद भरपूर आहे. दुसऱ्या फेकीत पंख्यात. पडदा सोडवताना बायको म्हणाली, अहो, खांद्यातून नको, मनगटातून फेका. हल्ली कुणीही सल्ले देतं. रीळ मात्र हट्टी. गुंडाळायला जावं तर दोरी सुटते. हळूहळू आमचं जमेल.

शनिवार, १२
पाऊस! सासऱ्यांना फोन करून म्हटलं, अशा हवेत मासे कुठले, पुढे ढकलू. ते म्हणाले, पावसातच चांगले लागतात. मी म्हटलं, तेच म्हणतोय मी. गांडुळं बघवत नाहीत. कणकेच्या गोळ्या करून ठेवल्या.

रविवार, १३. सकाळी, नदीकाठी
धो धो पाऊस. सासरे दगडावर. मागे छत्री धरून बायको. ही कशाला आली देव जाणे. रोजनिशी प्लास्टिकच्या पिशवीत आणली आहे. नोंदी ठेवणारा माणूस मुरलेला वाटतो. सासऱ्यांनी माझ्या रिळाकडे बराच वेळ पाहिलं. छाप पडली असावी.

थोड्या वेळाने
त्यांचे दोन झाले. माझी बाजू गढूळ आहे. कणीक पाण्यात पडताच विरघळते. मासे फुकट जेवून जातात. सासऱ्यांनी गांडुळांचा डबा पुढे सरकवला. म्हटलं, नको, मी तत्त्वाने कणीकच वापरतो. दोरीचा असा गुंता झालाय की त्यात एखादा पक्षी अंडी घालेल, मासा येणार नाही. मोज्यांत पाणी.

आणखी थोड्या वेळाने
सासऱ्यांनी विचारलं, लहानपणी कुठे धरायचात? म्हटलं, विहिरीत. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. विहिरीचा विषय त्यांना नवीन असावा.

दुपारी, घरी
लागला होता! माझ्याच गळाला! रॉड कमान झाला. मी जिवाच्या आकांताने हँडल फिरवतोय आणि दोरी येण्याऐवजी चाललीय. बायको ओरडली, अहो, रीळ उलटं आहे तुमचं! म्हटलं, ती सिस्टीम आहे. तिने छत्री माझ्या हातात कोंबली, रॉड हिसकावला, पालथा केला. आणि सासरे चक्क उभे राहून ओरडायला लागले, "पोरी, ढील दे! दे अजून! हां, आता घे!" हातभर मासा. दोघं पावसात लहान मुलांसारखी हसत होती. मी छत्री धरली होती. मासा कणकेवर आला, हे कुणीच बोललं नाही.

रात्री
बायकोला विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, लग्नाआधी दर वर्षी बाबांबरोबर मीच जायचे. मग सोडलंस का? म्हणाली, मी गेल्यावर घर कोण बघणार होतं? म्हटलं, हो, तेही खरंच. ती दिवा बंद करून कुशीवर वळली. प्रश्न मिटला.

शनिवार, १९
सकाळी जीप आली. पुढच्या सीटवर बायको. मागे मेहुणी! सासऱ्यांनी खिडकीतून माझा हात दाबला आणि म्हणाले, जावईबापू, तुमच्यामुळे जमलं हे. कसं, ते विचारेपर्यंत जीप वळली. अर्थात मी आधीच मनाशी ठरवलं होतं की जायचं नाही. घरी एक जबाबदार माणूस लागतोच.

दुपारी साडू आले, कमरेला पट्टा, हातात मळक्या कपड्यांची पिशवी. म्हणाले, आमच्याकडचं मशीन मला ऐकत नाही. म्हटलं, निवांत बसा, इथे मी आहे. मशीन लावलं.

पाणी हॉलपर्यंत आलंय. साडूंनी पाय सोफ्यावर घेतले. कंबर धरलेली असूनही.