शांत घर पाहिजे

केशोरी,
९ जानेवारी २०२५

चि. सौ. अल्काला ताईचे अनेक आशीर्वाद. जवाईबापूंना सप्रेम जयभीम. विनंती विशेष.

परवा पार्सल पोचलं. लोकरीची शाल एक, पांढरं सुती पातळ एक, गुडघ्याच्या तेलाच्या बाटल्या दोन, अगरबत्तीचे पुडे चार आणि समीक्षाने काढलेलं कमळाचं चित्र एक. टपालाची पावती वरच चिकटली होती, एकशे ब्याऐंशी रुपये. अगरबत्ती केशोरीत दहा रुपयाला मिळते, ती पुण्याहून कायले पाठवायची? पातळ पौर्णिमेच्या उपोसथाला, उपासाच्या दिवशी, नेसीन. चित्र बुद्धमूर्तीच्या शेजारी लावलं, त्याचा काही हिशेब नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जवाईबापूंची कंपनी मार्चअखेर बंद होऊन राहिली हे वाईटच, पण गोंदियाच्या गोदामात सुपरवायझरची जागा नक्की झाली हे त्यातल्या त्यात बरं. पगार कमी आहे म्हणतेस. इकडे भाडंही कमी आहे. माणूस आपल्या जिल्ह्यात आला की अर्धा खर्च तसाच गळतो.

समीक्षाचं वाचून जीव थकला. नऊ वर्षांची झाली तरी कुकरची शिट्टी वाजली की कान दाबून ओरडते, आणि मग दोन दोन दिवस बोलत नाही, जेवत नाही. शाळेनं नाव काढून न्या म्हणून सांगितलं, वरच्या मजल्यावरचे रोज भांडायला येतात. डॉक्टर म्हणतात की गोळीपेक्षा तिला शांत वस्ती आणि लहान शाळा द्या. मग तेच करू. जवाईबापूंना गोंदियाला रोज जाता आलं पाहिजे, म्हणजे तिरोडा नाहीतर कुडवा. तिरोड्याहून रेल्वेनं होते, कुडव्याहून गाडीवर पाव तास. मी दोन्हीकडे जाऊन घर पाहून येते. तुम्ही त्यासाठी पुण्याहून येण्याजाण्याचा खर्च करू नका. मला एकटीला घरी काय काम आहे? सकाळची वंदना, विहार कमिटीची हिशेबाची वही आणि दोन भाकरी.

फोन बिघडला आहे. दुरुस्तीवाला साडेतीनशे मागतो. तेवढ्यात सत्तर पत्रं होतात. शेजारच्या रुख्माच्या फोनवरही निरोप देऊ नकोस, तिच्या कानावर गेलं की अख्ख्या टोलीला, सगळ्या वस्तीला कळते. घर कसं पाहिजे ते नीट लिहून पाठव.

मायेत कमी पडू देऊ नकोस.
तुझी ताई,
कलाबाई

भोसरी, पुणे
२१ जानेवारी २०२५

ती. ताईस अल्काचा वाकून जयभीम.

पत्र वाचून हे इतके हसले की समीक्षानं कान दाबले. म्हणतात, तुमच्या ताईला नवा फोन घेऊन दिला तर त्या तो विकतील आणि विहाराला झाडू घेतील. सत्तर पत्रांचा हिशेब त्यांनी गोदामाच्या नव्या मालकाला सांगायचं ठरवलं आहे. तू चिडू नकोस, बऱ्याच दिवसांनी या घरात कोणी हसलं.

ताई, मी फार थकली गं. खिडक्यांना गाद्या बांधून ठेवल्या आहेत. मिक्सर सहा महिन्यांपासून माळ्यावर आहे, चटणी पाट्यावर वाटते. तिला शाळेत नेते आणि परत आणते, दारावर कोणी हात मारला तरी मी आधी तिचे कान झाकायला धावते.

घर कसं पाहिजे विचारलंस. खोल्या दोन असल्या, एक असली, चालेल. नळ बाहेर असला, चालेल. पत्रे असले तरी पावसाळ्यापर्यंत काहीतरी करू. माझं मागणं एकच आहे. जे घर पसंत पडेल तिथं कामाच्या वारी, भर दुपारी दोन तास बस आणि ऐक. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो दोन मिनिटं उभा राहील आणि बढिया है म्हणेल. तू बसशील, हे मला माहीत आहे. तू सांगशील तिथं आम्ही सामान टाकू.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी,
अल्का

केशोरी,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अल्काला ताईचे आशीर्वाद, समीक्षाच्या डोक्यावरून हात.

दोन्ही गावं पाहून झाली. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट, आणि अर्जुनीहून पुढे रेल्वे, त्यामुळे दोन्ही फेऱ्या मिळून दोनशेच्या आत बसल्या. शिदोरी घरची. माघ पौर्णिमेच्या उपोसथासाठी मधे परत आली, म्हणून पत्राला उशीर.

आधी तिरोडा पाहिला. गाव चांगलं, बाजार जवळ, शाळा चालत जाण्यासारखी. घरवाले, म्हणजे घराचे मालक, योगराज म्हणून रिटायर मास्तर, स्वभावाने गरीब. पण अंगणात मोटारसायकली पाच. पाच मोटारसायकली म्हणजे पाच हॉर्न. शिवाय समोर पानठेला, त्याच्यावर काळा डबा टांगलेला, तो गाण्याचाच असणार. मी पाय न टेकता परत फिरली.

कुडव्याला मात्र मन बसलं. गल्लीच्या टोकाचं घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं, मागे परसात जांबाचं झाड आणि झाडामागं डोक्यापेक्षा उंच भिंत. गाडी एकच, तीही घरवालीच्या मुलाची, तो नागपूरला असतो. घरवाली मंजूबाई हिंदी बोलणारी, विधवा, माझ्यासारखीच एकटी. तिला पोरीचं सगळं सांगितलं. ती पुष्कळ बोलली, मीही हो ला हो केलं. चहात साखर जास्त टाकते, एवढाच दोष.

तू सांगितलं तसं दुपारी बारा ते दोन जांबाखाली बसली. त्रिशरण पंचशील म्हटलं, परित्राण म्हटलं. जांबाचं पान हललं तेवढंच. एक गंमत दिसली. शेजारी पाण्याचा पेला ठेवला होता, त्यातल्या पाण्यावर बारीक बारीक कडी उठत होती. रोडवरून ट्रक जात असतील. रोड बराच दूर आहे, म्हणून तुम्हाला त्याचा त्रास नाही.

शाळा तीन गल्ल्या सोडून. खिडकीतून पाहिलं, वर्गात पोरं बावीस. बाईंच्या हातात छडी नाही आणि तोंडही लहान उघडतात, म्हणजे हळू बोलणाऱ्या असाव्या.

एक महिन्याचं भाडं देऊन पावती घेतली. आता खिडक्यांच्या गाद्या सोडा आणि निघा.

आठवण ठेवणारी,
ताई

कुडवा, गोंदिया
५ एप्रिल २०२५

ती. ताईस जयभीम.

रविवारी सामान उतरलं. सोमवारी ईदची सुट्टी होती. तो दिवस तू लिहिल्यासारखाच गेला. समीक्षा जांबाखाली बसून वरण-भात जेवली, हे खाटेवर दुपारभर झोपले. मी मनात तुझे पाय धरले.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता उंच भिंतीमागं पत्रा ठोकणं सुरू झालं. ताई, भिंतीमागं कूलर बनवण्याचा कारखाना आहे. हातोडे आहेत, पत्रा कापायची मशीन आहे, ग्राइंडर आहे. उन्हाळ्याच्या ऑर्डरी आहेत म्हणून सहा वाजेपर्यंत एक मिनिट खंड नाही. पोरगी न्हाणीत शिरली आणि आतून कडी लावली. भिंतीवर डोकं आपटून राहिली होती ते बाहेर ऐकू येत होतं. यांनी दार तोडलं. कपाळाला तीन टाके पडले. तेव्हापासून तिनं एक शब्द उच्चारला नाही. हे कामावर नवे, रजा नाही. मी रोज नऊ वाजता तिला घेऊन निघते, तलावाच्या काठाला सहा वाजेपर्यंत बसते आणि परत येते. ऊन चाळीसच्या वर गेलं.

मी मंजूबाईंवर फार ओरडली. त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. म्हणाल्या की मी तर तुमच्या दीदीला तीनदा सांगितलं, मागं कूलरवाला आहे, बच्चीला चालेल का, आणि तीनही वेळा दीदीनं हसून मान हलवली. त्या म्हणतात, दीदी बसली होती तेव्हाही ठोकणं सुरूच होतं, मला नवल वाटलं की ही बाई डोळे मिटून शांत कशी बसली. भाडं परत देते म्हणाल्या. भाड्याचं काय करू?

त्या रात्री यांनी तुझी सगळी पत्रं काढली. पाच मोटारसायकली म्हणजे पाच हॉर्न हे वाक्य मला वाचून दाखवलं. आम्ही त्याला हसलो होतो गं. पेल्यातलं पाणीही वाचून दाखवलं. मग हे एवढंच म्हणाले की ताईंना राग येईल असं काही लिहू नको.

पण मी लिहिते. तुझा फोन बिघडलाच नाही ना? गेल्या पावसाळ्यापासून तुझा आवाज ऐकला नाही. दिवाळीत बुलावलं तर आली नाहीस, गुडघा म्हणालीस. ताई, तुला किती ऐकू येते? आणि मी ऐक म्हणून लिहिलं तेव्हा काऊन सांगितलं नाहीस? मी तुझ्यावर पोर सोपवली होती.

पुढे काय करायचं ते सुचत नाही. पुन्हा घर शोधायला अंगात जीव नाही.

अल्का

केशोरी,
११ एप्रिल २०२५

चि. अल्का,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी घे.

मला काहीच ऐकू येत नाही. उजवा कान दोन वर्षांपूर्वी तापात गेला. डावा गेल्या पावसाळ्यात, वर्षावासात गेला. फोन पेटीत आहे, चांगला आहे. लोकांची तोंडं पाहून निम्मं कळते, बाकीच्याला मान हलवते. मान हलवली की माणूस खूश होऊन निघून जातो. बाजारात, बसमध्ये त्यावर निभते. कुडव्यालाही तेच केलं. मंजूबाईचा दोष नाही, तिला माझ्याकडून माफी सांग.

काऊन सांगितलं नाही? विहाराची वही माझ्याकडून काढून घेतील, ही एक भीती होती. पण ती लहान. तुझं पत्र आलं, तू सांगशील तिथं सामान टाकू म्हणून, तेव्हा मला वाटलं की अजून कोणाला तरी आपलं काम आहे. ऐक हा शब्द मी वाचला होता. तो वाचून मी दोन दिवस पत्र तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःला समजावलं की डोळ्यांनी पाहून कळेल. मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, असं रोज सकाळी म्हणते, आणि पोरीच्या कपाळाला टाके पडले. यापुढे काही समजावण्यासारखं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा रुख्माला सांगितलं. ती पाटीवर लिहून म्हणाली की अख्ख्या टोलीला माहीत आहे, तुझ्या तोंडावर कोणी बोलत नव्हतं. विहारात जाऊन कमिटीलाही सांगितलं. वही त्यांनी माझ्याकडेच ठेवली. आकड्यांना कान लागत नाहीत, असं कमिटीतल्या बकारामनं लिहून दाखवलं.

आता माझं म्हणणं ऐक, पण विश्वास माझ्यावर ठेवू नकोस. केशोरीला या, असं मी जानेवारीतच लिहायला पाहिजे होतं. तुम्ही आलात तर माझं उघडं पडेल म्हणून या गावाचं नावच घेतलं नाही. मंगळवारी मी रुख्माला माझ्या घरात पहाटेपासून निजेपर्यंत बसवलं आणि जो आवाज होईल तो वेळेसकट लिहायला लावला. तो कागद सोबत आहे, अक्षर तिचं आहे. पहाटे पाच, विहाराचा भोंगा. साडेसात, एसटीचा हॉर्न, दोनदा. दुपारी काही नाही, कावळे. संध्याकाळी पाच ते सहा, हिरालालच्या वाडीतला मोटारपंप, रोज. नंतर कुत्री, अधूनमधून.

भोंग्याचं मी कमिटीत मांडलं. पुरुष मंडळी आधी बिथरली. मी म्हणाली की वंदना तर भोंग्याशिवायही होते, मला तशीही ऐकू येत नाही आणि अशीही नाही, तरी मी एक दिवस चुकत नाही. मग मंडळींनी मान्य केलं. कालपासून भोंगा बंद आहे, रुख्मानं उभं राहून खात्री केली. एसटीचा हॉर्न माझ्या हातात नाही. पंपासाठी हिरालालकडे गेली, तो शेजारच्या घरांना पाणी देतो, बंद करत नाही म्हणाला. त्याचंही बरोबर आहे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे लागतो. तो बंद करा असं मी कोणाला सांगणार नाही, सांगावं असं वाटतही नाही. म्हणून चौदा झाल्यावरच या.

शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत, वर्गात चौदा पोरं. बाईंना मी भेटली नाही, रुख्मा भेटली. जवाईबापूंना मात्र गोंदियाला खोली करून राहावं लागेल, शनिवारी येता येईल. संसार दोन ठिकाणी होईल, खर्च वाढेल आणि तुझ्यावरचा भार कमी होईल असंही मी म्हणत नाही. घरात एक बहिरी आणि एक न बोलणारी, मधे तू एकटी बोलणारी. तुला कंटाळा येईल.

पण तलावाच्या काठाला उन्हात बसवण्यापेक्षा इथं आण. आधी आठ दिवस येऊन राहा. तू स्वतः बस, स्वतः ऐक. पोरीला पटलं नाही तर मला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस, उठून जा.

येते की नाही, एवढं उलट टपाली लिही. नाही असेल तर नाही असंच लिही.

ताई