आखूड करंगळी

चाचा, परवा प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला. मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकासाठी मी अकरा चित्रं काढून दिली होती. म्हणाल्या, "ताई, चित्रं गोड आहेत, पण एक विचारू? तुमच्या सगळ्या माणसांची करंगळी अशी आखूड का?" मी म्हटलं, "असं कसं होईल?" फोन ठेवून घरातली कच्ची चित्रं काढली. भाकरी थापणारी आजी, दोरा धरलेली मुलगी, शेळी ओढणारा बाबा. सगळ्यांची करंगळी एका पेरानं कमी. चुलीवरचा चहा उतू गेला तरी मी बघतच बसले. ती तुमची करंगळी होती.

लहानपणीचं सगळं अजून दिसतं. शाळा सुटली की मी सिल्लोडला तुमच्या दुकानात येऊन बसते. तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवता. कधीतरी पत्रा कापताना तुमच्या डाव्या करंगळीचं टोक गेलेलं. पाटीवर माणूस काढायचा असला की तुम्ही तोच हात डोळ्यांपुढं धरता आणि उजव्यानं काढता. "अल्लानं नमुना फुकट दिलाय, दुसऱ्याकडं कशाला मागायचा?" पाटीवर मात्र तुम्ही बोट पूर्ण करता. मी शेजारी बसून शाळेच्या पाटीवर खडूनं तुमच्या हाताकडे बघून काढते, आणि दिसतं तसंच काढते.

एकदा बांगड्यांच्या दुकानाच्या पाटीसाठी मी कागदावर बाईचा हात काढला. शाबासकीची वाट बघत उभी होते. तुम्ही बराच वेळ बघितलं. "बेटा, हा तर माझाच हात झाला. तुझा कुठंय?"

"तुम्हीच तर शिकवलं."

"ब्रश धरायला शिकवलं. माझा हात उचलून न्यायला नाय."

दुकानात बसलेली माणसं हसली. मी कागद तिथंच टाकून घरी गेले, ती परत आलेच नाही. त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन बजाजनगरला आले. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा तुमचा चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला होता.

पुढं मी वाचनालयातली पुस्तकं आणून चित्रं बघत राहिले. एकाची झाडं गिरवली, दुसऱ्याच्या शेळ्या. चहाचं पाणी, काजळी, काडेपेटीची काडी, हाताला लागेल त्यानं काढलं. हे कंपनीतून खोक्यांचे पुठ्ठे आणायचे आणि चिडवायचे, "तुझी शेळी लांबून ओळखू येते गं, तुझ्यासारखीच मान वर." गिरवता गिरवता झाडं माझी झाली, शेळ्या माझ्या झाल्या. हात तेवढे राहिले. ते काढता येतातच म्हणून मी पुन्हा कधी कुणाच्या हाताकडे नीट बघितलंच नाही. हे जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी आणलेले पुठ्ठे पलंगाखाली आहेत, मी ते पुरवून वापरते.

काल त्यातला एक काढला, भाकरी थापणारी आजी पुन्हा काढायला घेतली आणि माझा डावा हात पुढं धरला. सांधे सुजलेले, तव्याचा डाग, मधलं बोट जरा तिरकं. लई वाकडा हात, चाचा. पहिली तीन चित्रं फसली. मी सवयीनं हात गुळगुळीत करत होते. चौथ्यात सांधा जिथं जाड आहे तिथं रेघ जाड होऊ दिली. आजी एकदम वेगळी दिसली. तिनं खरंच जन्मभर भाकऱ्या थापल्या असतील असं वाटलं. तो हात तुमचा नव्हता. तुम्ही विचारलेल्याचं उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली.

आता कबूल करायचं ते करते. पुस्तकात माझ्या परिचयाच्या दोन ओळी आहेत. त्यात मी लिहून दिलं होतं, "कुणाकडे शिकले नाही." ती माणसं हसली होती त्याचा राग मी इतकी वर्षं धरला होता. आज सकाळी बाईंना फोन करून ती ओळ काढायला सांगितली. "सिल्लोडला पाट्या रंगवणाऱ्या एका चाचांकडे शिकले, असं लिहा."

"लिहिते की. नाव काय त्यांचं?"

अख्ख्या बाजाराची नावं तुम्ही रंगवलीत, स्वतःचं कुठंच घातलं नाहीत. गाव तुम्हाला पेंटर म्हणायचं, मी चाचा. बाईंना म्हटलं, उद्या सांगते. चाचा, मला तुमचं नाव माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.