नऊ बोअर, नऊ झाकणं

प्रिय मोजणीबाई,

समोरासमोर बोलायला बसलो की तू मला दोन वाक्यांत गार करतेस, म्हणून हे पत्र. काल तू घरी विसरलेला डबा द्यायला तुझ्या भूजल खात्याच्या ऑफिसात आलो, तेव्हा तू आवारातल्या विहिरीत टेप सोडून वाकली होतीस. हाक मारली नाही, नुसता बघत उभा राहिलो. टेपचं टोक पाण्याला टेकून वाजलं, तू आकडा लिहिलास आणि टेप वर ओढून पुन्हा पहिल्यापासून मोजलंस. हा चिवटपणा आमच्या घराण्यातला नक्कीच नाही! तुझ्या आईकडून आला असणार.

मी तीस वर्षं या शहरात बोअर मारले. सुरुवातीला साठ फुटांवर पाणी लागायचं, मशीनवरचे सगळे चिंब व्हायचो. मग दीडशे, मग तीनशे. मी आपला ऐटीत सांगायचो, मशीन मोठं घेतलंय, हवं तितकं खोल जाऊ. तू तेव्हा कॉलेजात होतीस. एकदा जेवताना म्हणालीस की बाबा, तुम्ही इकडे खोल गेलात की शेजारच्यांचा बोअर आटतो. अंगणात फरशी, पार्किंगला काँक्रीट, पाऊस पडतो तो सरळ गटारात; जमिनीत मुरतं घोटभर आणि आपण उपसतो हंडाभर. मी हसण्यावारी नेलं. पोरगी चार बुकं शिकली आणि बापाला अक्कल शिकवायला लागली, असं मशीनवर सगळ्यांना सांगत सुटलो. आतून कौतुकच वाटत होतं, पण कबूल कोण करणार.

आता टेकडीखालच्या नव्या वसाहतीत जमिनीखाली पाणी उरलेलं नाही, बांधकाम थांबवा, असा अहवाल तू दिलास. बिल्डरने तुझ्यापुढे नऊ दाखले आपटले, नऊच्या नऊ बोअरना भरपूर पाणी लागल्याचे. बोअरची झाकणं वेल्ड केलेली, त्यामुळे तुझी टेप आत जाईना. भर बैठकीत तुला खोटं पाडलं. त्या दाखल्यांवरची सही तुझ्या लक्षात आली नसेल, असं मी दोन आठवडे स्वतःला समजावतोय. पण दहा वर्षं प्रगतिपुस्तकावर जी सही घेतलीस, ती तू ओळखणार नाहीस? त्या संध्याकाळी घरी येऊन तू मला फक्त गुडघा कसा आहे एवढंच विचारलंस. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आमच्या धंद्यात कोरडा बोअर कुणी कबूल करत नाही, नाव खराब होतं. झाकण लावायचं, पाणी लागलं म्हणून लिहून द्यायचं आणि पुढच्या कामाला निघायचं. ते नऊही कोरडे आहेत गं. चारशे फुटांपर्यंत नुसती धूळ आली. वसाहतीच्या परवानगीवर सोमवारी जी सुनावणी आहे, तिच्यात मी हे सांगणार आहे. तसं लेखी आज देऊनही आलो, तेव्हा मला अडवायला धावू नकोस. लायसन्स जाईल, जाऊ दे. तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटतेय, आणि तू माझी मुलगी आहेस याचा अभिमान त्याहून जास्त वाटतोय. एकच मागणं आहे, बाप म्हणून मला सांभाळून घेऊ नकोस. त्या घरांत राहायला येणारी माणसं काय पिणार होती, हे सगळ्यांदेखत मला विचार.

तुझाच,
बाबा