हाताकडे बघू नकोस

११ जानेवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड येऊन महिना झाला आणि मी आज उत्तर लिहायला बसले आहे, म्हणजे काहीतरी काम असणार हे तुम्ही ओळखलंच असेल. आहेच. पण आधी बातमी. मला घडीच्या टेबलावरून कटिंग मशीनवर घेतलं. सात वर्षं छापील कागदांच्या घड्या घातल्या, आता पुस्तकांच्या कडा कापते. आमचं मशीन जुनं आहे. थप्पी दोन्ही हातांनी पात्याखाली सारून सरळ करायची, हात बाहेर घ्यायचे आणि मग पायाने पॅडल दाबायचं. हात आधी, पाय नंतर. शिकायचं एवढंच असतं.

आई खूश नाही. बाबांची दोन बोटं याच मशीनवर गेली, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून ते चिकटवण्याच्या टेबलावर बसतात आणि कटिंगच्या खोलीत पाऊल ठेवत नाहीत. मी घरी आले की आई पाण्याचा ग्लास पुढे करते आणि तो घेताना माझे हात बघते. एकदा मी गंमत म्हणून हात पाठीमागे लपवून आत आले, तर दोन दिवस अबोला.

आता काम. एप्रिलमध्ये छापखान्याला पंचवीस वर्षं होतात, तेव्हा मोठा कार्यक्रम आहे. मी फोरमनसमोर बढाई मारली की माझे मामा पत्त्यांची जादू करतात आणि मलाही थोडी येते. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी लगेच माझं नाव लिहून टाकलं. मला काडीचंही येत नाही, आणि उभं राहायचं आहे दीडशे माणसांसमोर. नाव काढून घेता आलं असतं. घेतलं नाही, कारण इथे मला सगळे 'तीन बोटवाल्यांची मुलगी' म्हणून ओळखतात. एकदा तरी मला माझ्या हातांसाठी ओळखावं असं वाटतं.

मला शिकवाल का? आईला कळू देऊ नका, तिच्या लेखी पत्ते म्हणजे जुगार. पत्र छापखान्याच्या पत्त्यावर पाठवा. मामींना नमस्कार. तुमच्या लोभाची मला सवय झाली आहे, ती मोडू नका.

तुमची,
भिंगरी


१९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तुझ्या मामीने विचारलं की कोणी वारलं का, कारण माझे डोळे भरून आले होते. चाळीस वर्षं मी शाळांत, हॉटेलांत, वाढदिवसांत पत्ते पिसले, पण घरातल्या कोणी कधी शिकव म्हणालं नाही. चिरंजीवांना एकदा धरून बसवलं, तर म्हणाले, यापेक्षा रेडिओ दुरुस्त करायला शिकवा. तेव्हा तू मागितलंस हेच माझ्यावर उपकार.

सोबत चित्रं काढून पाठवली आहेत. पानं पिसताना खालचं पान जागच्या जागी कसं ठेवायचं, आणि पान तळव्यात कसं दडवायचं, एवढं आधी बसव. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट चित्रात येत नाही, ती इथे लिहितो. हाताकडे बघू नकोस. तू हाताकडे बघितलंस की दीडशे माणसं हाताकडे बघतील. तू फोरमनच्या डोळ्यांत बघितलंस तर सगळे फोरमनकडे बघतील, आणि तेवढ्यात हाताने आपलं काम उरकायचं. म्हणून सराव दुसरं काही करताना कर. खिडकीबाहेर बघ, बोलत राहा, आईशी भांड, पण हात चालू ठेव. हात आणि डोळे यांची एकदा कायमची काडीमोड झाली पाहिजे.

दुसरं म्हणजे, काय करणार ते आधी कधी सांगायचं नाही. एका शाळेत हेडमास्तरांनी पान बघितलं आणि परत देण्याऐवजी खिशात घालून ते चहा प्यायला निघून गेले. माझा खेळ तिथेच संपला होता. मी मुलांना सांगितलं की हेडमास्तरांना मीच गायब केलं, आता परत आणून दाखवतो. पाच मिनिटांनी ते चहा पिऊन आले आणि शाळा दणाणली. ठरवलेलं चुकतं. ऐन वेळी सुचलेलं चुकत नाही, कारण ते काय असणार होतं हे कोणालाच ठाऊक नसतं.

सराव वाढू दे, माझ्यावरची मायाही त्याच वेगाने वाढली तर हरकत नाही.

तुझा,
मामा


१४ फेब्रुवारी

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

पहिल्या आठवड्यात पत्त्यांचा अख्खा कॅट पाण्याच्या बादलीत पडला. पानं गादीखाली घालून वाळवली, आता त्यांना शेवाळाचा वास येतो. पण मामा, जमतंय. खालचं पान जागेवर राहतं. तळव्यातलं पान अजून कधी कधी डोकं बाहेर काढतं, तेव्हा मी खोकते.

परवा चहाच्या सुट्टीत फोरमननी पान काढलं. बदामाची सत्ती. मी पिसता पिसता ती हरवून बसले आणि काढून दाखवला तो किलवरचा गुलाम. मग तुमचे हेडमास्तर आठवले. मी म्हटलं, हे पान तुमचं नाही हे मलाही कळतं, पण याला सत्तीचा पत्ता ठाऊक आहे. गुलाम कानाला लावून त्याच्याशी काहीबाही बोलत बसले, आणि तोवर बोटांनी सत्ती हुडकून वर आणली होती. घडीवाली मावशी टाळ्या वाजवून दमली. आता येता-जाता सगळे मला थांबवतात आणि एखादं पान दाखव म्हणतात.

आणि काल तर कमाल झाली. मावशी दारात उभी राहून सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. मी तिच्याकडे बघत, मान डोलवत पाचशे पुस्तकं कापून काढली. शेवटची थप्पी उचलताना लक्षात आलं, की मी पात्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. हात, पाय, सगळं आपोआप. मावशी म्हणाली, पोरीच्या हातांना डोळे फुटले. बघा, शिष्या कशी तयार होते आहे ते. शाबासकी हवी आहे, काटकसर करू नका.

तुमची,
भिंगरी


१७ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र वाचून होईपर्यंत मशीनला हात लावू नकोस. वाचून झाल्यावरही लावू नकोस.

मी तुला चांगलं तेच शिकवलं आणि ते तुझ्यासाठी वाईट ठरलं. माझ्या हातून पान निसटलं तर लोक हसतात. तुझ्या कामात निसटण्याची सोय नाही. मी म्हातारा गाढव, तुझ्या पहिल्याच पत्रात पात्याचं वर्णन होतं, पण शिष्या मिळाल्याच्या आनंदात ते मी वाचून न वाचल्यासारखं केलं. हाताला काय कळतं? पत्ते असोत की पुस्तकाची थप्पी, त्याला दोन्ही कागदच.

तुझे बाबा त्या दिवशी काय करत होते, माहीत आहे? त्यांना कोणीतरी हाक मारली आणि त्यांनी वर बघितलं. दुसरं काहीही नाही. ताईने हे मला एकदाच सांगितलं होतं.

कॅट कोणाला तरी देऊन टाक. कार्यक्रमातून नाव काढून घे. फोरमनला सांग की चार दिवस दुसरं काम द्या. शिकवलेलं परत कसं काढून घ्यायचं हे मला येत नाही, भिंगरी. हात शिकतो ते मी पाहिलं आहे. विसरलेला हात अजून पाहिला नाही. मला भीती वाटते आहे. उलट टपाली एक ओळ लिही, मग बाकीची माया सावकाश.

मामा


२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आज ते द्यायला हात जड झाला आहे, तरी देते.

तुझं सतरा तारखेचं पत्र छापखान्यात एकोणीसला पोचलं. त्याच्या आदल्या दिवशीपासून भिंगरी घरी आहे. ह्यांनी पत्र आणून माझ्या हातात दिलं, आणि मग मी तिच्या गादीखालची बाकीचीही वाचली.

अठराला ती डाव्या हाताला पट्टी बांधून आली. म्हणाली, दारात सापडलं. दाराने बोट चेचतं, कापत नाही. मी चार महिने ह्यांच्या हाताच्या पट्ट्या बदलल्या आहेत, कापलेलं मला कळतं. मधल्या बोटाचं नख आणि त्याखालचं डाळीच्या दाण्याएवढं मांस गेलं. डॉक्टर म्हणतात भरून येईल. ऑफिसातला फोन वाजला म्हणून तिने वर बघितलं होतं. हात आत, आणि पाय खाली.

मी तुला शिव्या द्यायला बसले होते, पण त्याहून वाईट सांगायचं आहे. काल ती भाजी चिरत होती आणि बघत होती भिंतीकडे. सुरी चालू. मी सुरी काढून घेतली, तरी दोन क्षण तिचा हात तसाच चालत राहिला. तिच्या लक्षातच आलं नाही. आता मी तिला चूल, कात्री, इस्त्री कशालाही हात लावू देत नाही. पण किती दिवस आणि कशाकशापासून राखू?

मी म्हटलं, घडीच्या टेबलावर परत जा. तिचा चेहरा पडला. तेव्हा नऊ वर्षांत पहिल्यांदा हे त्या मशीनविषयी बोलले. म्हणाले, "मशीन सोडायचं तर खुशाल सोडू दे. पण पळून नको." एवढं बोलून उठून गेले. तीन मार्चला तिची सुट्टी संपते, तोवर तिने ठरवायचं आहे.

गाठ तू मारलीस, सोडवायलाही तूच ये. माया आहे म्हणून पानभर लिहिलं, नाहीतर चार ओळींत तुला निकालात काढलं असतं.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पाकिटावर तुझं अक्षर दिसलं आणि ते उघडायला मला अर्धा दिवस लागला. शेवटी हिने उघडलं, आणि आधी एवढंच सांगितलं की बोटं दहा आहेत. मग मी खाली बसलो.

मी सत्तावीसला येतो. एक उपाय सुचला आहे, तो उपाय आहे की नाही ते देव जाणे. फोरमनना लिहिलं आहे की काम सुटल्यावर रोज तासभर मशीन आम्हाला द्या. मोटार बंद, पात्याखाली लाकडी ठोकळा. भिंगरी नेहमीसारखी थप्पी लावेल, हात बाहेर घेईल, पॅडल दाबेल. मी समोर उभा राहीन आणि तिने वर बघावं म्हणून चाळीस वर्षांत जे काही कमावलं ते सगळं करीन. तिने बघायचं नाही. लोकांची नजर पळवणं हाच माझा धंदा आहे ना? चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

हातचं राखून केलं तर त्याचा तिला उपयोग नाही. आणि खरोखर जीव ओतून केलं आणि मीच जिंकलो, तर तिला मशीनवरून उतरवायला मीच तुला सांगेन. आयुष्यात पहिल्यांदा खेळाला जाताना मी हरावं अशी इच्छा आहे. पाठीत धपाटे घालायचे असतील तर आल्या दिवशीच घाल, म्हणजे पुढचे तीन दिवस लोभाला मोकळे.

तुझा,
धाकटा


९ मार्च

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही पोचल्याचं कळलं. तुम्हाला जे दिसलं ते मशीनच्या त्या बाजूने. या बाजूने काय झालं ते सांगते.

पहिल्या दिवशी तुम्ही नुसता पानांचा पंखा उघडलात आणि मी वर बघितलं. तुम्ही आपलं एक बोट दुमडलंत. मग तुम्ही नाणं पाडलंत, मी बघितलं, दुसरं बोट दुमडलं. दहा मिनिटांत तुमच्या दोन्ही मुठी मिटल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकदाही मान वर केली नाही आणि मला वाटलं, जिंकले. तुमचा चेहरा मात्र तसाच. तुम्ही म्हणालात, की माझे सगळे खेळ तुला पाठ आहेत, पुढे काय येणार ते कळतं, मग न बघायला कष्ट कसले? फोन वाजला तेव्हा तो वाजणार हे तुला ठाऊक होतं का?

तिसऱ्या दिवशी तुम्ही कॅट न घेता आलात आणि काम सुटूनही बघायला थांबलेल्या सगळ्यांसमोर सांगितलंत, की काय करणार ते अजून मलाही माहीत नाही. मी सगळ्यात जास्त भ्याले ती तेव्हा. आधी बराच वेळ काहीच झालं नाही. थप्पी, हात बाहेर, पॅडल. मग कागदाची कातरणं सळसळली. मावशी हसायला लागली आणि मधेच थांबली. कोणाची तरी खुर्ची पडली. मग एकदम सगळं चिडीचूप झालं, आणि ते आवाजापेक्षा अवघड होतं. मान भरून आली. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं आणि ते पुसायला हात वापरायचा नव्हता. मग टाळ्या झाल्या, आणि दाराकडून बाबांचं हसू ऐकू आलं. ते कटिंगच्या खोलीच्या दारापर्यंत आले होते, मामा. हात बाहेर. पॅडल. तुम्ही बस म्हणालात तेव्हा मी वर बघितलं, तर तुमचा सदरा घामाने भिजलेला, हात रिकामे, आणि फरशीभर कातरणं.

तीन तारखेला मोटार चालू करण्याआधी मला उलटी झाली. मग चालू केली. त्या दिवशी फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा पाय काढला, हात काढले, आणि मग बघितलं. पूर्वीपेक्षा कमी पुस्तकं होतात, फोरमन थोडे कुरकुरतात. भीती गेलेली नाही. बाबा म्हणतात, राहू दे, तिला घालवू नकोस. आईने काल मला भाजी चिरायला दिली, आणि सगळी चिरून होईपर्यंत ती समोरून हलली नाही.

कार्यक्रमातून नाव काढून घेतलं. माझा कॅट तुमच्या पिशवीत तळाशी ठेवला होता, मिळाला असेल. एका जोडी हातांना दोन विद्या पेलल्या नाहीत. तुमची एकुलती एक शिष्या गेली, त्याचं मला फार वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत, ते मी अकरा जणांना विचारलं. मावशी सांगते, की कोऱ्या कातरणांची तुमच्या हातात पानं झाली. फोरमन शपथेवर सांगतात, की तुम्ही कातरणं वर उडवलीत आणि ती बराच वेळ खाली आलीच नाहीत. बाबांना विचारलं की ते नुसते हसतात. आणि गाडीत बसताना तुम्ही म्हणालात, की ते तुम्हालाही नीट आठवत नाही आणि परत जमणार नाही. सगळे म्हणतात की असा खेळ त्यांनी जन्मात पाहिला नाही. तो माझ्यासाठी होता, माझ्यापासून दोन हातांवर झाला, आणि मी तो पाहिला नाही.

लोभ होता तसाच ठेवा.

तुमची,
भिंगरी