मौनाची पूर्वतयारी

३ मे, रविवार

चर्चमध्ये मिस्सेनंतर फादर ओनुफ्रींनी जाहीर केलं: जूनमध्ये धर्मग्रामातल्या ज्यांना जमेल त्यांनी चार दिवस एखाद्या शांत जागी जाऊन राहू या. झाडं, पाणी, प्रार्थना, मौन. फादर स्वतःच वाळून गेलेत. दोन चर्च सांभाळतात, त्यात यंदाच्या हिवाळ्यात दफनविधींना खळ नव्हता. म्हणाले, व्यवस्था कोण बघेल?

मी उभा राहिलो. टेक्ला शेजारून माझा कोट धरून ओढत होती. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने चारचौघांत प्रोत्साहन दिल्याची ही पहिलीच वेळ.

आणखी कोणी उभं राहतंय का, हे फादर बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, बरं, झेनोन. देवाची इच्छा.

संकल्प: सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायचं नाही. कामं वाटून द्यायची.

४ मे

कामं वाटून दिली. जेवणाचं बघायला कुनेगुंदाकाकू. (चर्चच्या गायकवृंदात पहिली रांग, सत्तरी ओलांडली तरी आवाज खणखणीत.) संध्याकाळी परत काढून घेतलं. त्या नुसतं "तिथल्या सिस्टर बघतील की" म्हणत होत्या. लोकांना जबाबदारी नको असते.

तसा या कामाला माझ्याइतका लायक माणूस गावात नाही. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शेजारच्या सीटवर शांत बसायचं आणि समोरच्याला रस्त्याला लावायचं, हाच माझा धंदा. शांतपणा माझ्याकडून शिकावा.

आज तीन विद्यार्थी. एक रडली. क्लच.

९ मे, शनिवार

टेक्लाला घेऊन जागा बघून आलो. ऑगुस्तुव शहराच्या पुढे, जंगलात, तळ्याकाठी. जुनं लाकडी घर, छोटं चॅपेल, एक धक्का, एक होडी. घर सिस्टर बेनिग्ना चालवतात. ठेंगण्या, गमबूट घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. कमी बोलणाऱ्या माणसांशी माझं चांगलं जमतं.

त्या म्हणाल्या, इथे दोन घंटा होतात, एक प्रार्थनेची, एक जेवणाची. बाकीचं तळ्यावर सोडायचं. मी त्यांना समजावलं की गटाची विश्रांती अशी वाऱ्यावर सोडून चालत नाही. ट्रॅफिकसारखंच आहे. समजावता समजावता जेवणाची वेळ झाली. मग जेवताना उरलेलं समजावलं. झुरेक, म्हणजे अंडं घातलेलं आंबट सूप, उत्तम. अंडं अर्धंच होतं, पण ते मी बोलून दाखवलं नाही. एकदाच दाखवलं.

एक अडचण: बेडूक. फार आवाज करतात. मी विचारलं, यांचं काही करता येईल का. सिस्टर म्हणाल्या, घर बांधायच्या आधीपासून ते इथे आहेत, त्यांनी अजून आमची तक्रार केलेली नाही. विनोदी बाई.

परतताना टेक्ला खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिला विचारलं, जागा आवडली का. ती हो म्हणाली. मग मी तिला का आवडली ते सांगितलं.

१२ मे

आई जानेवारीत गेली. सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. टेक्लाने सगळं केलं, खाणंपिणं, अंघोळ, रात्रीची उठबस. मी मानसिक आधार देत असे. आता टेक्लाला रिकामं रिकामं वाटत असणार, म्हणून मी तिला कामात गुंतवून ठेवलंय. या चार दिवसांच्या रिट्रीटचं वेळापत्रक टाइप करायला दिलं. चौथ्यांदा बदललं तेव्हा ती म्हणाली, झेनोन, यात झोप कुठे आहे?

झोप राहिलीच होती. घातली.

२१ मे

फोनच फोन. कुनेगुंदाकाकूंचा प्रश्न: मौनात बहिणीला फोन केला तर चालेल का? नाही. कुजबूज? नाही. काकू म्हणाल्या, पण बहीणच बोलेल, मी नुसतं ऐकेन. मी म्हणालो, विचार करून सांगतो. बाईला मौनाचा अर्थच कळलेला नाही. अर्धा तास समजावत होतो.

संध्याकाळी फादर घरी आले. वेळापत्रक वाचलं. पहाटे सूर्योदय-चिंतन, मग वनचिंतन, जलचिंतन, चिंतनावर चर्चा. चहाचे दोन घोट घेऊन हळूच म्हणाले, रिकामा वेळ थोडा आहे का कुठे? मी म्हणालो, आहे तर. शनिवारी दुपारी. शीर्षकच दिलंय "रिकामा वेळ". विषयही सुचवलेत. फादर भारावून गेले. उरलेला चहा तसाच ठेवून उठले.

२ जून

मेगाफोन सापडला. पूर्वी मैदानावर विद्यार्थ्यांना सूचना द्यायला वापरायचो. नवी बॅटरी घातली. तळ्याकाठी माणसं विखुरलेली असणार, मौन सुरू झाल्याचं सगळ्यांना एकदम कळायला नको?

टेक्लाने मेगाफोन पाहिला आणि खोलीबाहेर गेली. भावना आवरेनात तिला.

११ जून, गुरुवार

पोहोचलो. बसमध्ये ड्रायव्हरला वळणांवर थोडं मार्गदर्शन करावं लागलं. त्याने मला मागे जाऊन बसायला सांगितलं. मागूनही जमलं.

हवा सुरेख. शेतात करकोचे. सिस्टरांनी जेवणात धुरावलेला मासा, काकडीचं लोणचं आणि वर स्ट्रॉबेरी ठेवल्या होत्या. जेवणानंतर मौन सुरू. सुरू करण्यापूर्वी मौनाचे नियम सांगितले. शंका विचारा म्हटलं. कोणीच विचारली नाही, म्हणून विचारता येण्यासारख्या शंका मीच मांडल्या आणि त्यांची उत्तरं दिली. अंधार पडेपर्यंत चाललं. जूनमध्ये अंधार उशिरा पडतो.

बेडूक आहेतच.

१२ जून, शुक्रवार. सकाळ

सूर्योदय-चिंतनाला हजर: मी आणि सिस्टरांचा कुत्रा. कुत्रा एकाग्र होता.

वाट बघून दारं ठोठावली. कुनेगुंदाकाकूंनी आतून मौन पाळलं. बाकीच्यांनीही. बोलवायला गेलं की यांना बरोबर मौन आठवतं. फादरांच्या दारावर ठोठावलं तर दार उघडं, पलंग रिकामा, बूट नाहीत. थकलेला माणूस, तळं जवळ. धावत सुटलो.

दुपार

जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

फादर होडीत होते. लव्हाळ्यात होडी शिरलेली, हे आत ब्लँकेट पांघरून झोपलेले. तोंडावर टोपी. धक्क्यावरून मला एवढंच दिसलं की हालचाल नाही. मेगाफोन हातात होता. मी शक्य तितक्या मवाळपणे म्हणालो, "फादर, घाबरू नका."

फादर ताडकन उठून उभे राहिले. होडीत उभं राहू नये, हे मी काल रात्री सांगितलं होतं. होडी कलली, फादर पाण्यात. मी मदतीला वाकलो, तर मेगाफोनही पाण्यात. तळाशी जाताना त्याने एक लांब आवाज काढला, म्हशीसारखा.

दारं ठोठावून जी माणसं उठली नव्हती, ती आता अंगावर मिळेल ते घालून धक्क्यावर धावत आली. पाणी फादरांच्या कमरेपर्यंतच होतं. ते तसेच उभे. डोक्यावर शेवाळ. आमच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस रडणार. पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते हसले. इतके हसले की धरायला काही नाही म्हणून होडीला धरून हसले. मग कुनेगुंदाकाकू. मग सगळे. टेक्ला तोंडावर हात ठेवून हसत होती.

"आनंद" हा विषय मी रविवारी ठेवला होता. दोन दिवस आधीच झाला. कार्यक्रम वेळेच्या पुढे चाललाय.

संध्याकाळ

सिस्टर बेनिग्नांना माझी गरज पटलेली दिसते. फादर चॅपेलमध्ये गेल्याबरोबर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पीठ संपलंय, ऑगुस्तुवहून आणाल का? घरची जुनी गाडी दिली. आणलं. मग म्हणाल्या, मेणबत्त्या. आणल्या. मग म्हणाल्या, चॅपेलच्या दाराला एक खिळा हवाय, तांब्याचा, चौकोनी डोक्याचा. चार दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणाला, असा खिळा त्याच्या आजोबांनीही पाहिला नसेल. रिकाम्या हाताने परतलो तर सिस्टर म्हणाल्या, काही हरकत नाही, उद्या परत बघा. जिद्दी बाई आहे. माझ्यासारखीच.

आणलेलं पीठ कोठारात ठेवायला गेलो, तर पिठाच्या तीन गोण्या आधीच होत्या. हिशेब कच्चा आहे त्यांचा.

१३ जून, शनिवार

खिळ्याच्या शोधात दिवसाचा बराच भाग गेला. पण मी नसतानाही माझी पद्धत काम करतेय. परतलो तर गवतावर सगळे पांगलेले. कोणी आडवं पडलेलं, कोणी जपमाळ ओढत होतं. कुनेगुंदाकाकू तर चक्क गप्प बसून पाण्यात पाय हलवत होत्या. फादरांच्या चेहऱ्यावर रंग आलेला. वेळापत्रकात यातलं काहीच नव्हतं, पण मूळ भावना तीच.

मी गाडीतून उतरलो तसे सगळे उठून बसले. आदर.

टेक्ला धक्क्याच्या टोकाला बसली होती. जलचिंतनाची वेळ टळून गेल्याचं सांगायला मी जवळ गेलो. ती मागे न बघता म्हणाली, "बस."

बसलो.

"झेनोन, आई गेल्यापासून मी एकदाही रडले नाहीये."

मी म्हणालो, हो, तू फार धीराची आहेस, मी सगळ्यांना सांगतो.

"धीर कसला. वेळच मिळाला नाही. रडू यायला लागलं की तू काहीतरी सांगायला लागायचास. काल तू पीठ आणायला गेलास तेव्हा पहिल्यांदा रडायला म्हणून इथे येऊन बसले. तेवढ्यात तू पीठ घेऊन आलास."

याला माझ्याकडे उत्तर होतं. तीन उत्तरं होती. पीठ सिस्टरांनी मागवलं होतं, हे पहिलं. पण तिच्या हातांकडे लक्ष गेलं. आईला कुशीवर वळवून वळवून मनगटं सुजायची तिची, आईला ते ठाऊक होतं. शेवटी शेवटी आई मला ओळखत नव्हती, तिला ओळखायची. "टेक्लाला बोलव" एवढंच म्हणायची. मी शेजारीच असायचो.

मी काही बोललो नाही. टेक्ला रडली. पुष्कळ वेळ. लहान मुलासारखं नाही, दमलेल्या माणसासारखं. मध्येच तिने माझ्या बाहीला नाक पुसलं. मी तरीही काही बोललो नाही. (एकदाच म्हणालो, गार आहे, शाल आणू का. ती नको म्हणाली.)

जेवणाची घंटा झाली तरी आम्ही उठलो नाही. सिस्टर आमची ताटं धक्क्यावरच ठेवून गेल्या. पिएरोगी, सारण भरलेल्या करंज्यांसारखे, पण उकडलेले. टेक्लाने माझ्यातलेही खाल्ले.

मौन उत्तम पार पडलं. आयोजकाचं कौशल्य. पण आज ते लिहिताना मजा येत नाहीये.

१४ जून, रविवार

समारोपाचं भाषण तयार होतं. फादरांनी मिस्सा संपवली आणि आशीर्वाद देऊन सरळ स्ट्रॉबेरी खायला गेले. भाषण खिशात राहिलं.

बसमध्ये बसताना टेक्लाची बॅग दिसेना. ती दारात उभी होती. म्हणाली, मी आणखी आठ दिवस राहतेय, सिस्टरांशी बोलणं झालंय. मी म्हणालो, छान, मग मीही राहतो. सिस्टर म्हणाल्या, खोली एकच आहे. मी म्हणालो, आम्ही नवरा-बायको आहोत. त्या म्हणाल्या, पलंगही एकच आहे, अरुंद. टेक्ला हसू दाबत होती. मग तिने माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, "जा. फ्रीजमध्ये सूप आहे. फक्त गरम कर, त्याला काही शिकवू नकोस."

बसमध्ये फादरांनी जाहीर केलं की रिट्रीट आता दरवर्षी होणार. टाळ्या. पुढच्या वर्षीची व्यवस्था कुनेगुंदाकाकूंकडे, कारण झेनोनने खूप केलं, त्याला विश्रांतीची गरज आहे. आणखी मोठ्या टाळ्या. मी उठून आभार मानले. ड्रायव्हरने रेडिओ लावला.

१५ जून, सोमवार

संकल्प: टेक्ला येईपर्यंत मीही घरी मौन पाळणार. पूर्ण. तिला आल्यावर कळेल, नवरा काय चीज आहे. विद्यार्थ्यांना सुट्टी दिली. (एकानेही कारण विचारलं नाही.)

सकाळी मौन सुरू. शेजारणीच्या मांजराला दोन शब्द बोललो, ते मोजायचं नाही. पोस्टमनला दारात थोडं थांबवलं, शिष्टाचार म्हणून. सूप गरम करताना उतू गेलं, तेव्हा बोललो ते प्रार्थनेतलं नव्हतं.

मग घर इतकं गप्प झालं की स्वयंपाकघरातल्या नळाचं ठिबकणं बैठकीत ऐकू यायला लागलं. आईच्या खोलीचं दार उघडं होतं. आत गेलो. टेक्लाने सगळं आवरून ठेवलंय, खिडकीशी फक्त खुर्ची. थोडा वेळ बसलो. या खुर्चीवर मी याआधी बसल्याचं आठवत नाही.

दुपारी फोन केला. सिस्टरांनी उचलला. टेक्ला आहे का? तळ्यावर गेलीय, होडी वल्हवायला शिकतेय. कोण शिकवतंय? कोणी नाही, तिची तीच. बरं. वल्ही कशी धरायची ते सांगायला तोंड उघडलं होतं. सिस्टर म्हणाल्या, काही निरोप आहे का?

मी म्हणालो, नाही. निरोप काही नाही.

मग सिस्टर म्हणाल्या, "हे ऐकून तिला फार बरं वाटेल," आणि फोन ठेवून दिला.