तिसऱ्या बाकावरचं बदक

२ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, फक्त आमची कौटुंबिक प्रार्थना तेवढी आजारी पडली आहे.

तुला माहीतच आहे, जेवणं झाली की आधी शास्त्रपाठ, मग बाबा उपदेशांच्या एखाद्या पुस्तकातलं प्रकरण वाचतात, मग प्रार्थना. ही पुस्तकं आपल्या चर्चच्या मंडळीच्या छापखान्यात बाबांनीच शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापलेली. त्यामुळे त्यातला स्वल्पविरामसुद्धा त्यांना पोटच्या पोरासारखा. एकही गाळत नाहीत. परवाचं प्रकरण 'धीर' या विषयावर होतं आणि ते काही केल्या संपेना. आमचा ढोल्या खुर्चीवरून घसरत घसरत टेबलाखाली गेला आणि तिथेच झोपला. त्याच्या बहिणीची, खारूताईची प्रार्थनेची पाळी आली तेव्हा तिनं हात जोडून, डोळे घट्ट मिटून, प्रकरण संपवल्याबद्दल देवाचे मनापासून आभार मानले. तुझी भावजय तोंडाला पदर लावून चहाचे कप धुवायला पळाली. चहा आम्ही घेतलेलाच नव्हता.

बाबांनी आमेन म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी 'धीर, भाग दुसरा' काढला.

त्यात पाळकसाहेबांनी नवीनच घोषणा केली आहे. पुढच्या महिन्यात एका रविवारी उपासनेनंतर प्रत्येक कुटुंबानं उभं राहून घरी वाचण्याजोगी दोन पुस्तकं सुचवायची, एक मोठ्यांसाठी, एक मुलांसाठी. वाचन समितीनं मान्य केलेली पुस्तकं मंडळीच्या कपाटात येणार. समितीत तिघे आहेत, पण दोघे नुसते मान हलवतात आणि तिसरे आपले बाबा. मागे त्यांनी मुलांचं एक चित्रांचं पुस्तक परत पाठवलं, का तर त्यात ससा बोलतो. जे घडलंच नाही ते घडलं म्हणून सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्यांचं म्हणणं. पाळकसाहेबांनी हळूच आठवण करून दिली की प्रभूनेही दृष्टान्त सांगितले. बाबा म्हणाले, त्यांना अधिकार होता.

तर ताई, तू मुलांच्या वॉर्डातली सिस्टर, दिवसभर पोरांना गोष्टी सांगून औषधं पाजतेस. काहीतरी सुचव. मी दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवतो, मला कवळीच्या मापापलीकडे काही कळत नाही.

मुलांचे आत्याला गोड पापे. लोभ आहेच, पुस्तकांच्या पार्सलानं तो वाढवावा.

तुझा,
दातू


११ फेब्रुवारी

चि. दातूस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी ड्यूटीवर वाचलं आणि अशी हसले की बारा नंबरच्या खाटेवरच्या पोरानं मला थर्मामीटर लावायची तयारी दाखवली. खारूताईला म्हणावं, आभार मानावेत, पण मनातल्या मनात.

पार्सल सोबत आहे. मननाचं छोटं पुस्तक तुझ्यासाठी. रोज एकच पान आहे, कारण दुसऱ्या पानावर तू घोरतोस. भावजयीसाठी एका खेड्यातल्या डॉक्टरीणबाईचं आत्मचरित्र. ती बाई प्रत्येक प्रकरणात देवाशी कडाकडा भांडते आणि शेवटी त्याचंच ऐकते; भावजयीला ती आवडेल, तीही तुझ्याशी असंच करते, फक्त शेवटचा भाग वगळून. ढोल्यासाठी दीपगृहाच्या राखणदाराची गोष्ट. मोठ्यानं वाचा, आवाज काढून वाचा, आणि कृपा करून गोष्ट संपल्यावर मुलांना, यातून आपण काय शिकलो, असं विचारू नका. एवढं विचारलं की चांगल्यातली चांगली गोष्ट औषध होते. हे मी औषधं देणारी बाई सांगते आहे.

आता पार्सलाच्या तळाशी निळ्या कव्हरचं एक पुस्तक आहे, 'तिसऱ्या बाकावरचं बदक'. ते मी लिहिलं आहे.

खाली बसलास का? बस. वॉर्डात सांगता सांगता ती गोष्ट वाढत गेली, एका डॉक्टरांच्या ओळखीनं एका प्रकाशकांकडे गेली, आणि त्यांनी छापली. नाव टोपण आहे. बाबांना कळू द्यायचं नाही. लहानपणी मी रचलेली मांजरीची गोष्ट ऐकून त्यांनी मला ती मांजर आणून दाखवायला सांगितलं होतं, ते तुला आठवतं ना? त्यानंतर मी त्यांच्यासमोर कधी गोष्ट सांगितली नाही. प्रकाशक दुसरा भाग मागत आहेत आणि मी उत्तर लांबवते आहे. वेडेपणा वाटेल, पण ज्या घरात मी वाढले त्या घरात ही गोष्ट टिकते का, ते मला आधी बघायचं आहे. बाबांनी ती नापास केली तर मी गुपचूप इंजेक्शनं देत बसेन.

मला खरं खरं कळव. माया असू दे, आणि तोंड बंद असू दे.

तुझी,
ताई


२५ फेब्रुवारी

प्रिय ताई,
सप्रेम सलाम वि. वि.

आधी तुझं टोपणनाव. ते वाचून मला वाटलं खोकल्याचं औषध आहे, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. बाकी मी खाली बसलो, उठलो, पुन्हा बसलो. त्या दिवशी एका आजोबांच्या कवळीला मी पुढचे दात मागे बसवले.

आता सविस्तर. बाबांनी गोष्टीला परवानगी दिली, पण एका अटीवर. शास्त्रपाठ आणि प्रार्थना आधी उरकायची, गोष्ट नंतर, म्हणजे देवाला ती ऐकावी लागणार नाही. ते स्वतः खिडकीशी खुर्ची ओढून आमच्याकडे पाठ करून बसले.

नावाड्याच्या मुलीच्या मागे मागे बदक नदीवरून येतं, उपासना चालू असताना मधल्या वाटेनं डुलत डुलत चालतं आणि सरळ तिसऱ्या बाकावर जाऊन बसतं, तिथे आमची पहिली संध्याकाळ संपली. मी पाळकाचा आवाज काढला, तुझ्या भावजयीनं बदकाची भूमिका केली आणि ती तिला भलतीच शोभली. दुसऱ्या दिवशी बाबांची खुर्ची खिडकीपासून थोडी अलीकडे आलेली. तिसऱ्या दिवशी आणखी. चौथ्या दिवशी त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि जाहीर केलं की पुस्तकात छपाईच्या चुका असणार, कुणीतरी तपासायला हव्यात.

मग पुस्तक गायब झालं. मुलांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी ढोल्याला शोध लागला. बाबा गच्चीत, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे, स्टुलावर बसून वाचत होते. मी विचारलं, चुका किती सापडल्या. ते म्हणाले, अजून एकही नाही, म्हणूनच संशय येतो, पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल.

तोवर त्यांचं वाचन आमच्या कितीतरी पुढे गेलं होतं. रोज संध्याकाळी आम्ही वाचत असताना ते, आता काय होणार ते मला माहीत आहे, अशा चेहऱ्यानं बसतात आणि खारूताई त्यांच्या मांडीवर चढून त्यांच्या कानात लाच देऊ करते.

पण ताई, एक गोष्ट झाली. उपासनेत नावाड्याच्या बायकोला हसू आवरत नाही आणि ती गीतांचं पुस्तक तोंडावर धरते, ते प्रकरण मी वाचलं. कुणाचं आहे ते हसू, मला सांगायला नकोच. बाबा म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग ते उठले, पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि समितीला काय सांगायचं ते ठरवतो म्हणून खोलीत गेले. तेव्हापासून पुस्तक त्यांच्या उशीखाली आहे आणि ते अवाक्षर बोलत नाहीत. तुझी भावजय म्हणते, त्यांना आवडलं. मला वाटतं, त्यांना दुखलं. आम्ही पैज लावली आहे, हरेल त्यानं महिनाभर भांडी घासायची.

पाठीराखी राहा, प्रार्थनेत आठवण ठेव.

तुझा,
दातू


३ मार्च

चि. दातूस,
अ. आ.

तू मला हे असं अर्धवट कळवून झोपलास कसा? मला झोप नाही. काल मी एका मुलाला डाव्या हाताऐवजी उजव्या हाताला बँडेज बांधलं आणि तो बिचारा सभ्यपणे गप्प राहिला.

बाबांना दुखलं असेल तर पुस्तक मुकाट्यानं परत घे आणि पाठवून दे. गेलेल्या आईला त्यांच्यापुढे असं न विचारता आणून बसवायला नको होतं. आणि रविवारी तू काही बोलू नकोस. बदकाचं नाव काढू नकोस, माझं तर नाहीच. डॉक्टरीणबाईचं पुस्तक सुचव आणि खाली बस. तुझ्या शहाणपणावर माझा विश्वास आहे, हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.

भावजयीला सांग, मी तिच्या बाजूनं पैज लावते. जपून राहा सगळे.

तुझी,
ताई


८ मार्च, रविवार

प्रिय ताई,
स. स. वि. वि.

तुझं पत्र काल पोहोचलं. ते वाक्य तू उगाच खोडलं नव्हतंस.

आज उपासनेनंतर एकेक कुटुंब उभं राहिलं. पोस्टमास्तरांनी तीनशे पानांचं काहीतरी सुचवलं, जे त्यांनी स्वतः उघडलेलं नाही हे त्यांच्या बायकोनं तिथल्या तिथे सांगितलं. शिंपीणबाईंनी मुलांसाठी एक पुस्तक सुचवलं आणि त्याची गोष्ट सांगता सांगता शेवटही सांगून टाकला, तेव्हा मुलांच्या रांगेतून मोठा आक्रोश उठला. मग आमची पाळी. मी डॉक्टरीणबाईंचं पुस्तक हातात घेऊन उठणार, तोच बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं आणि स्वतः उठले. कोटाच्या खिशातून निळं पुस्तक काढलं.

ते म्हणाले, हे पुस्तक खोटं आहे. बदक उपासनेला येत नाही, आलं तर बाकावर बसत नाही, आणि बसलंच तर उपदेश संपेपर्यंत थांबत नाही. समितीच्या नियमानं ते नापास व्हायला हवं. पण आपण ते तीनदा वाचलं, दोनदा चुका शोधायला आणि तिसऱ्यांदा चुका नाहीत हे माहीत असूनही. तेव्हा नियमच तपासायला हवा. आपलं कुटुंब हेच पुस्तक मोठ्यांसाठी सुचवतं आणि हेच मुलांसाठी, दोन पुस्तकांची गरज नाही.

समितीच्या बाकीच्या दोघांनी सवयीनं मान हलवली. पाळकसाहेब इतके खूश झाले की त्यांनी विचारलं, या लेखिकेला कुणी ओळखतं का, आपण त्यांना बोलावू या.

ताई, मी ओठ आवळून धरले होते. पण सैल कवळी शिंकेसरशी सुटावी तशी माझी जीभ सुटली. मी उभा राहून सांगितलं की ही आमची ताई आहे आणि प्रकाशक तिच्याकडे दुसरा भाग मागत आहेत.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. टाळ्या, हसणं, पेटीवाल्या बाईंनी उगाचच एक गीत सुरू केलं, ढोल्या बाकावर उभा राहून, माझी आत्या, माझी आत्या, असं ओरडत होता. आणि या सगळ्यात बाबा हळूच खाली बसले. पुस्तक मांडीवर. घरी आल्यावर जेवले आणि खोलीत गेले, दार लावून घेतलं. खारूताईनं दाराबाहेरून आवाज दिला तर तिच्याकडे फक्त कागद आणि पाकीट मागितलं.

तू मला काय हवं ते बोल, मी ऐकून घेईन. भांडी कुणी घासायची हे अजून ठरलेलं नाही, म्हणून दोघं मिळून घासतो आहोत.

रागावलीस तरी आपलं म्हण.

तुझा,
तोंडाळ दातू


८ मार्च

चि. सौभाग्यकांक्षिणी कन्येस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्या भावानं आज भर मंडळीत तुझं नाव फोडलं. त्याच्या तोंडाला लहानपणापासूनच कुलूप नाही, त्याला बोल लावू नकोस.

मला कळलं नव्हतं. हे तुला सांगायला हवं, कारण घरातले सगळे आता म्हणतील की म्हाताऱ्यानं ओळखलंच असणार. मी जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं खिळ्याखिळ्यानं वाचलं, पण पोटच्या पोरीचा हात मला ओळखता आला नाही. ती नावाड्याची बायको वाचली तेव्हा मला वाटलं, आणखी कुठल्यातरी घरात अशीच एक बाई होती. तिच्याबद्दल मी त्या दिवशी देवाचे आभार मानले. म्हटलं, अशा दोन होत्या तर. आज कळलं की एकच होती. म्हणून जरा दार लावून बसलो. बाकी काही नाही.

तुझं पुस्तक स्वच्छ छापलं आहे. समास थोडे अरुंद आहेत, ते प्रकाशकांना कळव.

आता एक चूक. छपाईची नाही, तुझी. हसू आलं की तुझी आई गीतांचं पुस्तक तोंडावर धरायची, असं तू लिहिलं आहेस. ते तुम्हाला दिसायचं. तुम्ही दोघं पुढच्या बाकावर असायचात आणि मागे वळून बघितलं की पुस्तकच दिसणार. पण त्या पुस्तकाखाली ती दुसऱ्या हातानं माझ्या कोटाची बाही गच्च धरायची आणि ओढायची, म्हणजे मलाही हसू यावं. मला यायचं. मग मी खोकायचो. तुम्हा मुलांना वाटायचं, बाबांना छातीचा विकार आहे. तू तर एकदा माझ्यासाठी प्रार्थनाही केली होतीस आणि मग आम्हाला दोघांनाही उठून बाहेर जावं लागलं.

असं पुष्कळ आहे. तुला माहीत नसलेलं.

दुसऱ्या भागाबद्दल तुझ्या भावानं आज सांगितलं. प्रकाशकांना होकार कळव. बदकाला पिल्लं व्हावीत असा ढोल्याचा आग्रह आहे. लेखिकेवर दबाव आणू नये, असं मी त्याला सांगितलं. तरी व्हावीत.

रजा काढून ये. गच्चीत दोन स्टुलं ठेवली आहेत. खोटं लिहायचंच असेल, तर माहिती नीट विचारून घेऊन लिहावं.

प्रभू तुला सांभाळो, आणि लवकर गाडीत बसवो.

तुझे,
बाबा